दुसरी सही

भारतीय लष्करातला शिपाई शपथ घेतो ती साधारणपणे एकदाच. प्रशिक्षण संपतं, कसम परेड होते, पलटणीचा शिक्का लागतो. पुढे पंधरा-वीस वर्षं नोकरी चालते, मुदत वाढते, फीत वाढते, पण नव्याने शपथ द्यायला कुणी उभं करत नाही. अमेरिकी सैन्याची रीत याहून अगदी वेगळी आहे. तिथे भरती ठरावीक वर्षांच्या करारावर होते. करार संपला की सैनिकाने घरी जायचं, नाहीतर पुन्हा उजवा हात वर करून तीच शपथ म्हणायची आणि नवा करार करायचा. या दुसऱ्या शपथेचा छोटेखानी समारंभ होतो आणि तो बराचसा सैनिकाच्या मर्जीने होतो. शपथ कोणत्या अधिकाऱ्याने द्यावी, कुठे द्यावी, घरचं कोण हजर असावं, हे तो सांगू शकतो. म्हणून कुणी पाण्याखाली शपथ घेतं, कुणी हेलिकॉप्टरमध्ये, कुणी खेळाच्या मैदानावर. ४ जुलै २००८ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, बगदादमधल्या अल-फाव राजवाड्यात १,२१५ जणांनी एकाच वेळी नोकरी पुढे चालू ठेवण्याची शपथ घेतली. तो राजवाडा सद्दाम हुसेनच्या काळातला. जागा विचार करून निवडली होती, हे सांगायला नको.

मर्जीलाही मर्यादा असते. २०१८ साली टेनेसी राज्याच्या हवाई राखीव दलातल्या एका महिला सैनिकाने हातात डायनासोरची बाहुली घालून, तिचं तोंड हलवत शपथ म्हटली. चित्रफीत पसरली आणि शपथ देणाऱ्या कर्नलला एक हुद्दा खाली उतरून निवृत्त व्हावं लागलं. त्याआधी, २०१४ मध्ये, नेवाडातल्या एका हवाई तळावर उलट प्रकार घडला होता. एका नास्तिक सैनिकाने शपथेच्या शेवटी येणारे देवाचे शब्द खोडले, म्हणून त्याची मुदतवाढ अडली. कायदेशीर सल्ला घेतल्यावर हवाई दलाने त्याच वर्षी नियम बदलला. ते शब्द म्हणायचे की गाळायचे, हे आता सैनिकाने ठरवायचं. मला या दोन घटना एकत्र वाचायला आवडतात. बाहुलीने शपथेचा पोरखेळ केला, ते खपलं नाही. देवाचे शब्द गाळल्याने शपथेचं वजन घटत नाही, हे मात्र मान्य झालं.

आपल्या कायद्यात ही मुभा पहिल्या दिवसापासून आहे. १९५० च्या लष्कर कायद्याच्या सतराव्या कलमात कसमेचा मसुदा काय असावा ते दिलं आहे: संविधानाशी निष्ठा, जमीन-समुद्र-आकाश यांपैकी ज्या मार्गाने हुकूम होईल तिकडे जाणं, आणि वरच्या अधिकाऱ्याची आज्ञा जिवावर बेतली तरी पाळणं. ही शपथ ईश्वराला स्मरून घेता येते, तशी गांभीर्याने प्रतिज्ञा करूनही घेता येते. कमांडिंग अधिकाऱ्याने ती पलटणीसमोर द्यायची आणि दिल्याची नोंद जवानाच्या भरतीच्या कागदावर सहीनिशी करायची. कायद्यात एवढंच आहे. धर्मगुरू, बँड, निशाण, ग्रंथ यांचा या कलमात उल्लेख नाही. ते सगळं परंपरेने आणलं.

आणि परंपरेने ते देखणं केलं, हेही कबूल करायला हवं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात, नाशिक रोडला तोफखान्याच्या केंद्रात जळगाव-धुळ्याची पोरं दरवर्षी असतात. कसम परेडला गावाकडून आई-वडील येतात. रात्रभर रेल्वेने प्रवास, पिशवीत शेव आणि दशम्या, बापाच्या डोक्यावर टोपी, आईचं लक्ष सारखं शेकडो सारख्या दिसणाऱ्या पोरांमधून आपला हुडकण्यात. मैदानावर जवान ताठ उभे. पंडितजी गीता घेऊन येतात, मौलवी कुराण, ग्रंथी गुरुवाणी, पाद्री बायबल. ज्याचा जो ग्रंथ त्यावर हात ठेवून शब्द म्हणायचे. मग राष्ट्रध्वज आणि केंद्राचं निशाण. परेडनंतर आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लावलं जातं. शेतात राबणाऱ्या बाईच्या पातळावर लष्कराचं पदक लागतं, तेव्हा तिच्या पोराने काय शपथ घेतली याचा अर्थ तिला कुणी वेगळा सांगावा लागत नाही.

प्रश्न एवढाच की त्या रांगेतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला, आपण ग्रंथावर हात न ठेवता नुसती प्रतिज्ञा केली तरी चालतं, हे सुचेल का? सुचलं तरी त्या दिवशी तो रांगेतून वेगळा उभा राहील का? मला शंका आहे. कायद्याने दार उघडं ठेवलं आहे, पण दाराकडे बघायची फुरसत परेड देत नाही.

दार कुठे बंद होतं, ते नुकतंच एका प्रकरणात दिसलं. २०१७ मध्ये लष्करात दाखल झालेला एक ख्रिस्ती लेफ्टनंट तिसऱ्या कॅव्हलरीत शीख जवानांच्या तुकडीवर होता. जवानांबरोबर तो मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जायचा, अंगणात उभा राहायचा, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. २०२१ मध्ये त्याला बडतर्फ केलं. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा द्यायला नकार दिला. अधिकाऱ्याने आपल्या जवानांपेक्षा स्वतःची श्रद्धा वर ठेवली, असं न्यायालयांचं म्हणणं. शिस्तीचा मुद्दा मला पटतो. लढाईत 'चला' म्हणायचं ज्याला आहे, त्याने एरवी उंबऱ्याबाहेर थांबलेलं जवानांना कसं रुचावं? पण एक विसंगती उरतेच. ज्या शपथेवर सारी नोकरी उभी आहे तिथे ईश्वराचं नाव ऐच्छिक, आणि आठवड्याच्या धर्म परेडला गाभाऱ्यात जाणं सक्तीचं. कायद्यापेक्षा रिवाज जास्त कडक निघाला.

नोकरी पुन्हा सुरू करण्याचा विधी आपल्या मातीला नवा नाही. शिवकाळातलं लष्कर पावसाळ्यात छावणीला परतायचं आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडायचं. सभासद बखरीत ही व्यवस्था नोंदली आहे: निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी करायची, परतल्यावर ती ताडून बघायची, जादा निघालं तर सरकारजमा. शिलंगणाचं सोनं लुटताना आपण हे विसरतो की दसरा हा फौजेच्या हजेरीचाही दिवस होता. इमान द्यायचं तर बेलभंडार उचलायचा, मुसलमान शिपायाने कुराणावर हात ठेवायचा. कसम परेडमधल्या ग्रंथांचं मूळ शोधायला इंग्रजांपर्यंतच थांबायची गरज नाही.

कसमेतले 'जमीन, समुद्र' हे शब्द मात्र कंपनी सरकारच्या धोरणाची आठवण देतात. बंगाल फौजेतले पुरभय्ये शिपाई समुद्र ओलांडायला तयार नसत, जात जाते म्हणून. १८५६ च्या जनरल सर्व्हिस एन्लिस्टमेंट कायद्याने बंगाल फौजेतल्या नव्या भरतीला जिथे पाठवू तिथे जाण्याची अट घातली. पुढच्याच वर्षी उठाव झाला, आणि त्याच्या कारणांत हा कायदाही मोजला जातो. मुंबई फौजेच्या शिपायांना ही अट आधीपासूनच होती.

त्याच मुंबई फौजेतला एक बावीस वर्षांचा लेफ्टनंट १८२५ मध्ये खान्देशात आला. जेम्स औट्रम. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलेल्यांना हे नाव ठाऊक असतं; तो औट्रम घाट. खान्देश इंग्रजांकडे आला १८१८ मध्ये, पण सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. सात वर्षं पलटणी पाठवून झाल्या, फाशा देऊन झाल्या, काही जमलं नाही. शेवटी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदललं. भिल्लांना शेतीला लावायचं आणि त्यांच्याच पोरांची पलटण उभी करायची. तिचं ठाणं धरणगावला पडलं. बालकवींच्या या गावाची ही दुसरी ओळख आता फारशी कुणाला आठवत नाही.

ज्यांच्यावर काल गोळ्या झाडल्या त्यांना आज बंदूक देऊन 'आमच्या बाजूने उभा राहा' म्हणायचं, तर कोण विश्वास ठेवणार? औट्रमने सुरुवातीला हल्लाही केला आणि कैदीही पकडले. मग त्याच कैद्यांच्या ओळखीने तो पहारा न घेता भिल्लांच्या नाइकांकडे, म्हणजे म्होरक्यांकडे, जाऊन राहू लागला, त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला. सुरुवातीला तयार झालेले बोटांवर मोजण्याइतकेच होते. पुढे ही पोरं मालेगावच्या छावणीत नेली, तेव्हाचा एक प्रसंग जुन्या इंग्रजी वृत्तांतांत आहे. औट्रमच्या मूळ पलटणीतल्या शिपायांनी या नवख्यांना आपल्यात बसवून घेतलं आणि सुपारी दिली. हे शिपाई बहुतेक वरच्या जातींचे, भिल्लाला एरवी उंबऱ्याशीही न येऊ देणारे. कंपनीच्या कोणत्याही नियमात ती सुपारी नव्हती. पण भिल्ल पलटण टिकली यात छापील शपथेइतकाच त्या सुपारीचा हात असावा, असं माझं मत आहे. रिवाज नेहमी माणसाची निवड दाबतो असं नाही. कधी कधी तो निवड शक्य करतो.

ही पलटण पुढे सहा दशकांहून अधिक टिकली आणि १८९१ मध्ये पोलिसांत विलीन झाली. तिच्या यशाच्या कथा इंग्रजांनी भरपूर लिहिल्या. त्या कथांत न बसणारा माणूस म्हणजे खाज्या नाईक, इंग्रजी कागदांतला कजरसिंग. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या पुढे सेंधव्याचा घाट लागतो, त्याच्या राखणीची नोकरी त्याच्याकडे होती. वीसेक वर्षं चाकरी केल्यावर पकडलेल्या एका दरोडेखोराच्या मृत्यूबद्दल १८५१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीआधी सुटका झाली आणि १८५७ मध्ये, घाट सांभाळायला दुसरा कुणी भरवशाचा मिळेना म्हणून, इंग्रजांनी त्याला पुन्हा नोकरीत घेतलं. ही त्याची दुसरी भरती. थोड्याच दिवसांत तो भीमा नाइकाबरोबर उठावात सामील झाला. त्या नोव्हेंबरात त्यांनी घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली, आणि दोन वर्षांनी खाज्या मारला गेला. त्याला इंग्रजांनी बेइमान म्हटलं, आपण क्रांतिकारक म्हणतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गरज पडली म्हणून सरकारने त्याला परत बोलावलं, आणि तो परत आला एवढ्यावरून त्याचं मन परत आलं असं धरून चाललं.

आजच्या जवानाकडे वळू. लष्करात शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. हुद्द्यानुसार ठरलेली मुदत संपत आली की दोन वर्षांच्या वाढीचा प्रश्न येतो. तेव्हा छाननी होते: वैद्यकीय श्रेणी काय, कामगिरीचा शेरा काय, शिक्षेची रेड इंक एन्ट्री आहे का. आणि जवानाकडून लिहून घेतात, विलिंग की अनविलिंग. बराकीत हे दोन शब्द इतके रुळले आहेत की अमुक 'अनविलिंग देऊन आला' असं पोरं सहज बोलून जातात. बँड नाही, निशाण नाही, धर्मगुरू नाही. कंपनीच्या कचेरीत क्लार्कच्या टेबलावर छापील कागद असतो, त्यावर नंबर, हुद्दा, नाव, आणि खाली सही.

पण खरी निवड इथेच असते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरतीला पळताना फारसं निवडलेलं नसतं. पहाटे चारला गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणारी पोरं, भरती मेळाव्यात एका मार्कात राहिलेला चुलत भाऊ, दीड एकर कोरडवाहू, कापसाचा भाव. यांतून जो निघतो तो मिळेल त्या पहिल्या संधीला निघतो. पस्तिशी-चाळिशीतला जवान मात्र विचार करतो. पोरगी दहावीला आली. आई थकली. जळगावला किंवा धुळ्याला प्लॉट घेऊन ठेवलाय, त्यावर घर बांधायचंय. दोन वर्षं आणखी काढली तर पेन्शन थोडी वाढेल, पण पोस्टिंग पुन्हा उंचावर येईल. रात्री फोनवर बायकोशी बोलून, दोन दिवस गप्प राहून तो सही करतो. पहिल्या सहीला सारा देश साक्षीला आणि दुसरीला एक क्लार्क. ही उलटापालट मला खटकते. अमेरिकी पद्धत उचलून आणा असं म्हणत नाही. हेलिकॉप्टरमधली शपथ आपल्याला शोभणारही नाही. पण जो माणूस सगळं माहीत असताना 'अजून दोन वर्षं थांबतो' म्हणतो, त्याच्यासाठी कमांडिंग अधिकाऱ्याने पलटणीसमोर दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

नोकरी सोडून आल्यावर पुन्हा वर्दी चढवण्याची वाटही आहे: डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. १९४७ मध्ये उभी राहिलेली ही कोअर, तिचं केंद्र केरळात कन्नूरला. शस्त्रनिर्माण्या, डेपो, हवाई तळ यांचं रक्षण करायचं काम, आणि भरती मुख्यतः माजी सैनिकांची. भुसावळ-वरणगावच्या शस्त्रनिर्माण्यांमुळे खान्देशाला हा पेशा अनोळखी नाही. पहिली पेन्शन चालू ठेवून नवी नोकरी करायची की जुनी सेवा नवीत जोडून घ्यायची, हा हिशेब माजी सैनिकांच्या बैठकीत तासन्‌तास चालतो. आपल्याकडे पुनर्भरती म्हणावी अशी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल गावात कुणाला फारसं कौतुक नसतं. 'घरी बसवत नाही त्याला,' एवढ्यावर विषय संपतो.

गाव कौतुक करतं ते जवान कायमचा परत येतो त्याचं. गेल्या काही वर्षांत खान्देशात या स्वागताला लग्नाच्या वरातीची कळा आली आहे. स्टेशनवर उतरल्या उतरल्या फेटा, उघडी जीप, पुढे डीजे, मागे लेझीमवाली शाळेची पोरं, दारोदारी औक्षण, मारुतीच्या पाराजवळ सत्कार आणि मग वरण-बट्टी, वांग्याची भाजी. कुणी सांगितलं म्हणून हे सुरू झालं नाही, गावांनी आपणहून सुरू केलं. त्यातलं प्रेम खरं आहे. बॅनरवर जवानापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, ते सोडून द्या. अडचण वेगळी आहे. ज्याची वरात निघते त्याला ती हवी आहे का, हे विचारायची पद्धत नाही. खर्च कधी मित्रमंडळ करतं, कधी तो त्याच्याच भावांवर येतो. बरोबरीचा सोबती गमावून आलेल्या माणसाला फटाक्यांचा आवाज नकोसा होऊ शकतो. पण मिरवणूक नको म्हटलं तर गाव म्हणतं, शिष्ट झाला. चोवीस वर्षं हुकूम पाळून आलेल्या माणसाला घरच्या पहिल्या दिवशीही हुकूमच मिळतो.

आता या सगळ्याला नवं वळण लागणार आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची. त्यानंतर प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतलं जाईल, पुढच्या किमान पंधरा वर्षांसाठी. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परततील. लष्करातल्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झालं होतं, म्हणजे २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या सुरुवातीला हा निकाल लागणार. यात दुसरी सही जवानाच्या हातात नाही. अर्ज त्याने करायचा, निवडायचं लष्कराने. 'विलिंग' तो असेलच, बहुतेक सगळे असतील. चारातल्या तिघांच्या इच्छेला मात्र जागा नसेल.

ही पोरं गावी येतील तेव्हा अजून विशीतच असतील. शपथ त्यांनीही तीच घेतली आहे, त्याच ग्रंथावर, तोच जिवावर बेतण्याचा शब्द देऊन. चार वर्षांत आलेल्याला गाव काय म्हणेल, 'पेन्शन आला' की 'परत पाठवला'? खान्देशातल्या ग्रामपंचायतींना आणि माजी सैनिकांच्या संघटनांना विनंती एवढीच, की हे आत्ताच ठरवून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून कोणती मदत मिळते, पोलीस आणि राज्य राखीव दलाच्या भरतीचं काय, सेवानिधी कशात गुंतवावा, हे सांगायला एक जाणता माणूस त्याच्या घरी पाठवा. आणि मिरवणूक काढायची असेल तर तारीख त्याला विचारून घ्या; तो नको म्हणाला, तर डीजेचे पैसे परत घ्या आणि विषय सोडून द्या.